यंत्रांचा दसरा

हार्ड डिस्क मरते. हे मी चंद्रभानजींना कामावर लागले त्याच दिवशी सांगितलं आणि पुढची सात वर्षं सांगतच राहिले. पण त्यांच्याजवळ कंपनीचं माहितीपत्रक होतं. त्यात छापलेलं होतं, की ही डिस्क सरासरी दहा लाख तास चालते. मी म्हटलं, "चंद्रभानजी, दहा लाख तास म्हणजे शंभराच्या वर वर्षं होतात. डिस्क नावाची वस्तू जन्माला येऊन अजून तेवढी वर्षं झाली नाहीत. मग हे मोजायला बसलं कोण?" तर म्हणाले, "सपना, एवढी मोठी कंपनी आहे, ते लोक खोटं कायले लिहितील?" आता यावर काय बोलायचं! कपाळावर हात मारून घ्यायचा आणि कामाला लागायचं.

आमचं डेटा सेंटर पिपरी मेघेला, चंद्रभानजींच्या बंद पडलेल्या जिनिंगच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, गोदामात होतं. नव्वद सालानंतर जिनिंगचे हाल व्हायला लागले, मग एक दिवस ते बंदच पडलं, आणि चंद्रभानजींनी कोणाचं तरी ऐकून त्या गोदामात एसी बसवून कॉम्प्युटर आणले. आधी नुसती टायपिंगची कामं होती. मग लोकांचा डेटा सांभाळायचं काम आलं. दोन-तीन पतसंस्थांचे हिशेब, एका कॉलेजचे निकाल, गावातल्या एका स्कॅन सेंटरचे सगळे फोटो. तीनशेच्या वर डिस्क दिवसरात्र फिरत असायच्या. वर टिनाचं छत, आणि त्याला पेलणाऱ्या लोखंडी कैच्यांमध्ये जुन्या जिनिंगचा कापूस अजून अडकलेला. एसीचा वारा लागला की तो खाली यायचा आणि सर्व्हरच्या जाळीत जाऊन बसायचा. मी रोज सकाळी रंगाचा ब्रश घेऊन तो काढायची. माझी आई हिंगणीहून फोनवर विचारायची, "काय करून राह्यली वं?" मी म्हणायची, "कापूस वेचून राह्यली." ती म्हणायची, "थो त इथंबी होता की बाई, मंग बीएस्सी कायले केली?"

काम काही अवघड नव्हतं, फक्त संपत नव्हतं. प्रत्येक माहिती आम्ही दोन डिस्कवर ठेवायचो, जोडीनं. एक मेली तर दुसरी सांभाळून घेते, तोवर आपण नवी लावायची, जुनीवरून नवीवर सगळं उतरवायचं. महिन्यात एखादी-दुसरी जायचीच. टकटक आवाज यायला लागला की मी समजून जायची, हिचे दिवस भरले. त्यात रडण्यासारखं काही नाही. मला भीती होती ती वेगळीच. या सगळ्या डिस्क एकाच दिवशी, एकाच लॉटमधून आणलेल्या. म्हणजे सगळ्या एका वयाच्या, एकाच मातीच्या. मी हजारदा म्हटलं, जोडीतली एक तरी दुसऱ्या कंपनीची घ्या. "पाहू, पाहू" म्हणून सात वर्षं गेली. दिवाळीत गिऱ्हाइकांना फोन कर, संक्रांतीला डिस्क बदल, लग्नाच्या हळदीतून उठून ये. मी थकले होते हो. खरंच थकले होते.

जिनिंगच्या आवारातच मालकांचं घर. तिथं स्वयंपाकाला विमलाबाई होत्या, आमचा चहाही त्याच आणायच्या. त्यांची नात काजल, चौथीत. आईबाप पुलगावला कामाला, पोरगी आजीजवळ. दोन वर्षांआधी तिला शाळेत झटका आला, तेव्हा स्कॅन काढला तर डोक्यात बारकी गाठ निघाली. तेव्हाचे डॉक्टर म्हणाले, गोळ्या द्या, लक्ष ठेवा. दोन हजार सातच्या पोळ्यानंतर तिला पुन्हा झटका आला.

विमलाबाई चहा ठेवता ठेवता मला सांगत होत्या. "नागपूरच्या डॉक्टरनं नवा फोटो काढला न बाई. आता म्हणते, मांगचा फोटो आणा. गाठ तेवढीच असन त गोळ्याच चालू ठेवू. वाढली असन त डोक्स उघडा लागन."

"मग दाखवा ना जुना फोटो."

"कुठचा दाखवू? टिनातून पाणी गळलं यंदा. पेटीवर ठेवला होता, सगळ्या फिलमा एकमेकीले चिकटल्या. सोडवाले गेली त वरचं कातडंच निघालं."

म्हणजे जुना स्कॅन आता जगात एकाच ठिकाणी होता, आमच्या डिस्कवर. मी म्हटलं, स्कॅन सेंटरच्या डॉक्टरांनी एक फोन केला की लगेच सीडी काढून देते. त्यांचा डेटा त्यांना विचारल्याशिवाय मला उघडताही येत नव्हता, तसं कुलूपच होतं त्यांचं. आणि ते डॉक्टर नवरात्रात कुटुंबासह देवदर्शनाला गेलेले, दसऱ्यानंतर परत येणार. नागपूरची तारीख दसऱ्याच्या आठवड्यातच गुरुवारची होती. "होऊन जाते मावशी," मी म्हटलं. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. काजल बाहेर पायरीवर बसून चिंचा खात होती.

आता दसऱ्याचं ऐका. चंद्रभानजींचे वडील अण्णाजी, पंच्याऐंशीच्या घरात. सगळी उमर जिनिंगमध्ये गेलेली. त्यांचा कायदा असा, की दसऱ्याला यंत्र बंद म्हणजे बंद. धुवायचं, पुसायचं, हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दिवा लावल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. त्यांच्या बापानं पाळलं, त्यांनी पाळलं. कापसाचा कितीही ढीग दारात पडला असो, दसऱ्याला त्यांचं जिनिंग कधी चाललं नाही.

आमच्या गोदामातही ते दरवर्षी पूजेला यायचे. आणि दरवर्षी आम्ही त्यांना फसवायचो. चंद्रभानजीच म्हणाले होते पहिल्यांदा, "लाईट बंद कर, स्क्रीन बंद कर, बाबांना काय समजते?" मी तसंच करायची. अंधारात अण्णाजी काठी टेकत यायचे, माळ घालायचे. घरघर ऐकू आली की मी सांगायची, एसी आहे. ते मान हलवायचे आणि समाधानानं निघून जायचे.

दोन हजार सातच्या दसऱ्याला मात्र त्यांच्या मनात काय आलं कोणास ठाऊक. माळ घातली, कुंकू लावलं, आणि रॅकच्या पाठीवर तळहात ठेवला. जसा बैलाच्या पाठीवर ठेवतात ना, तसा. ठेवला तो काढलाच नाही.

"हे त चालू हाय," ते म्हणाले.

विमलाबाई आरतीचं ताट घेऊन उभ्या. चंद्रभानजी फरशीकडे पाहत होते.

"अंग गरम हाय याचं. थरथरून राह्यलं. चंद्रभान, हे चालू हाय न?"

"बाबा, हे असं बंद नाही करत..."

"म्हंजे दरसाली चालूच राहे? तुम्ही मले येड्यात काढून राह्यले होते?" म्हाताऱ्याचा आवाज चिरला. "अरे, चाकालेबी जीव असते. सालभर राबते थे तुमच्यासाठी. एक दिवस त्याले आराम नाई? तुम्ही माणसं हा का कोण हा?"

मी पुढे झाले. म्हटलं, "अण्णाजी, माझं ऐका. तुमचा सरकी काढायचा रेचा बंद केला तर उद्या चालू होत होता. याचं तसं नाही. याच्या आत एक गोल पातं फिरते आणि त्याच्यावर सुई तरंगते. थांबलं की सुई पात्यावर बसते. सात वर्षं न थांबता फिरलेलं आहे हे, वंगण म्हातारं झालं आहे. एकदा थंड झालं की सुई चिकटते, पातं जागचं हलत नाही. सगळे उठणार नाहीत हे. मी सांगून राह्यली, उठणार नाहीत."

अण्णाजी माझ्याकडे पाहत राहिले. मग मुलाकडे वळले आणि काहीच बोलले नाहीत, नुसते उभे राहिले. ते बोलले असते तर परवडलं असतं. चंद्रभानजी पन्नाशीचे झालेले, केस पिकलेले, पण बापासमोर अजून चड्डीतल्या पोरासारखे.

"कर बंद," ते मला म्हणाले.

"चंद्रभानजी..."

"सपना, कर बंद. उद्या सकाळी चालू होतीन. सणाच्या दिवशी तमाशा नको."

मी काय करणार होते? मालक ते. एकेक रॅक रीतसर बंद करत गेले. शेवटचा पंखा थांबला आणि गोदामात अशी शांतता पडली की टिनावर चिमण्या चालतात त्याचा आवाज आला. सात वर्षांत मी तो पहिल्यांदा ऐकला. विमलाबाईंनी आरती म्हटली. अण्णाजींनी सोनं वाटलं, मलाही दिलं. "तूबी जाय आज घरी," म्हणाले. मी घरी गेले आणि खोटं कशाला सांगू, मेल्यासारखी झोपले.

सोमवारी सकाळी दिवा लागला, मी बटणं दाबली. पंखे फिरले. आणि मग टकटक, टकटक, इकडून, तिकडून. काही तर टकटकही करेनात. दुपारपर्यंत माझ्या लक्षात आलं, की दहातली एक उठलेली नव्हती. एरवी जेवढ्या डिस्क वर्षा-दीड वर्षात जातात तेवढ्या एका रात्रीत गेल्या. बहुतेकांची जोडीदार जिवंत होती, तिथं चिंता नव्हती. पण चार जोड्या अशा निघाल्या की दोघीही गेल्या. त्यातल्या एका जोडीवर एक पतसंस्था होती आणि स्कॅन सेंटरचे दोन वर्षांआधीचे फोटो होते.

तेवढ्यात फोन वाजला. स्कॅन सेंटरचे डॉक्टर प्रवासातून आले होते, विमलाबाईंचा निरोप त्यांना मिळाला होता. "त्या मुलीचा जुना स्कॅन देऊन टाका हो, माझी परवानगी आहे. कुलूपही उघडून देतो."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. मला इतका राग आला होता, की समोर अण्णाजी असते तर वयबिय न पाहता चार शब्द सुनावले असते. विमलाबाईंना मात्र सांगावं लागलं. त्या चहाची किटली घेऊन आल्या होत्या. मी म्हटलं, "मावशी, काजलचा फोटो ज्या डिस्कवर आहे ती उठून नाही राह्यली."

"उठनच नाई?"

"प्रयत्न करते."

त्यांनी किटली खाली ठेवली आणि कोपऱ्यात भिंतीला टेकून बसल्या. उठून स्वयंपाक करून यायच्या आणि पुन्हा तिथंच बसायच्या.

सोमवार गेला, मंगळवार गेला. चिकटलेल्या डिस्कला उठवायची एक रीत असते. टेबललँपखाली ठेवून तिला कोमट करायची, मग हातात आडवी धरून वीज देता देताच मनगटाला झटका द्यायचा, गोल. जोरात दिला तर आतलं पातं खरवडते आणि खेळ खलास. हळू दिला तर काहीच होत नाही. मी दिवसभर तेच करत होते. कोमट कर, झटका दे, ऐक. थंड झाली, पुन्हा कोमट कर. मनगट सुजलं. जोडीतल्या एकीनं तर मंगळवारी असा कर्रकन आवाज केला की मी तिला बाजूलाच ठेवली. उरली एक.

अण्णाजी रोज येऊन दाराजवळ खुर्चीवर बसायचे. बोलायचे नाहीत. मला त्यांचा तो मुकेपणाही सहन होत नव्हता. यायचंच कशाला, असं मनात यायचं. चंद्रभानजी मात्र बोलून बोलून डोकं खायचे. पतसंस्थेचे लोक फोनवर फोन करत होते. "झालं का सपना? काही आशा आहे का सपना?" मी म्हटलं, तुम्ही बाहेर जा, मग आशा आहे.

बुधवारी दुपारी मी डिस्क गालाला लावून ती किती तापली ते पाहिलं. झटका दिला. काही नाही. पुन्हा दिला. आत काहीतरी सुटल्यासारखं झालं, हाताला कळलं, आणि पातं फिरायला लागलं. मी श्वासही घेतला नाही. पडद्यावर डिस्क दिसली.

"उठली!" मी ओरडले. विमलाबाई ताडकन उभ्या राहिल्या.

चंद्रभानजी धावत आत आले. "पतसंस्थेचं काढ आधी! लोक फाटकात उभे आहेत माझ्या."

डिस्कचा आवाज बरोबर नव्हता. मधूनच अडखळत होती. ती दहा मिनिटं चालेल की तासभर, हे देवालाही सांगता आलं नसतं. पतसंस्थेचं सगळं काढायला दीड-दोन तास हवे होते. काजलचे फोटो म्हणजे दोन-चार मिनिटं.

"पहिले पोरीचं काढते," मी म्हटलं.

"सपना, मी काय सांगून राह्यलो? ते आपले सगळ्यात मोठे गिऱ्हाईक आहेत. ही मधातच बंद पडली तर?"

"म्हणूनच पहिले पोरीचं. पतसंस्थेजवळ कागद आहेत, त्यांना पुन्हा टाईप करता येते. पोरीचं डोकं पुन्हा टाईप होत नाही."

"मालक कोण आहे इथं?"

मी फोल्डर उघडला, तारीख शोधली, नाव शोधलं. चंद्रभानजींनी माझ्या खांद्याशी उभं राहून दोनदा माझं नाव घेतलं, पण माझा हात धरला नाही. तेवढं त्यांचं मानलं पाहिजे. पडद्यावर एकेक काळापांढरा फोटो उतरत गेला. शेवटचा उतरला तेव्हा मी सीडी काढली, दुसरी काढली, आणि मग पतसंस्थेला हात घातला. त्यांचं अर्धं झालं असेल नसेल, डिस्क एकदा किंचाळली आणि कायमची गप्प झाली.

चंद्रभानजींनी ती डिस्क उचलली, उलटीसुलटी करून पाहिली. मग म्हणाले, "दिवाळीनंतर तू दुसरीकडं पाहून घे, सपना." मी म्हटलं बरं. खरं सांगते, त्या क्षणी मला वाईटही वाटलं नाही. हात टेबलावर ठेवून नुसतं बसावं, एवढीच इच्छा होती.

गुरुवारी पहाटेच्या गाडीनं विमलाबाई पोरीला घेऊन नागपूरला गेल्या. सीडी साडीच्या दुकानाच्या पिशवीत, पिशवी पोटाशी. माझा सगळा दिवस फाटकाकडे पाहण्यात गेला. एखादी मेलेली डिस्क बदलायची, पुन्हा दार. त्यांच्याजवळ फोन नव्हता. संध्याकाळीही आल्या नाहीत, तिकडेच भाचीकडे थांबल्या. माझ्या मनात नाही नाही ते येऊन गेलं. वाढलीच असेल म्हणून ठेवून घेतलं असेल, असंही आलं.

शुक्रवारी दुपारी फाटक वाजलं. काजल पुढे उड्या मारत, मागे विमलाबाई, हातात पेढ्यांचा पुडा. मी दाराशीच उभी होते.

"मावशी?"

"जशीच्या तशी हाय बाई," त्या म्हणाल्या. "बालभर वाढली नाई. डॉक्टरनं दोनी फोटो बाजूबाजूनं लावून पाह्यले. म्हणे गोळ्या चालू ठेवा, डोक्स उघडाची गरज नाई."

मी काही बोलणार, तर बाई माझ्या बाजूनं सरळ पुढे. दाराजवळच्या खुर्चीवर अण्णाजी बसले होते. विमलाबाईंनी त्यांच्यासमोर पेढे ठेवले आणि जमिनीला डोकं टेकलं.

"अण्णाजी, तुमची पूजा पावली! तुमच्या पुण्याईनं यंत्र उठलं, माही पोट्टी वाचली. काजल, पाया पड आजोबाच्या!"

काजल पाया पडली. अण्णाजी तिच्या तोंडाकडे पाहत राहिले. मग तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं.

आणि मी? माझं डोकं असं फिरलं म्हणता! तीन दिवस मनगट मोडून घेतलं मी, नोकरी घालवली मी, आणि पुण्याई कोणाची? ज्यांच्यामुळे डिस्क मेली त्यांची! मी तरातरा मागच्या नळावर गेले, तोंडावर पाणी मारलं. थोड्या वेळानं विमलाबाई भांडी घेऊन तिथं आल्या. मला राहवलं नाही.

"मावशी, पूजेनं नाही उठली ती. पूजेपायीच मेली होती. बंद केली नसती तर हे काही झालंच नसतं. समजलं का तुम्हाला?"

"मले मालूम हाय," त्या म्हणाल्या.

"काय मालूम आहे?"

"तू त्याइले सांगून राह्यली होती, उठणार नाईत म्हणून, तवा मी तिथंच होती न, ताट धरून. मी का बहिरी हावो?" त्यांनी नळ सोडला, पातेलं खाली धरलं. "तुया हातानं उठली थे. मी डोयानं पाह्यलं. तुयं मी काय फेडू, मले सांग."

"मग त्यांच्या पाया काऊन पडल्या?"

विमलाबाई पातेलं घासत राहिल्या. "सोमवारपासून जेवला नाई थो म्हातारा. ताट वाढलं की म्हणे, विमले, तुया पोरीचं मी वाटोळं केलं, माह्या घशाखाली उतरत नाई. चार दिवस झाले, पाण्यावर हाय. पोट्टी वाचली अन् म्हातारा गेला, त मी कुठी तोंड दाखवू?"

मी ओल्या हातांनी तशीच उभी राहिले. माझा राग कुठे गेला ते मलाच कळलं नाही. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते थांबेना, सात वर्षांचं सगळं साचलेलं एकदम आलं असेल. विमलाबाई भांडी घासत होत्या.

समोरून अण्णाजींचा आवाज आला, "विमले, भात हाय का वं?"

"हाय जी, हाय!" त्या ओरडल्या आणि हात न पुसताच धावल्या.